आधी घंटा, मग कपाट

माणसाच्या डोक्याची जेवढी काळजी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकाजींनी केली, तेवढी त्या माणसाच्या जन्मदात्या आईनेही केली नसेल. हे विधान मी पूर्ण शुद्धीत आणि पाचव्या मजल्यावर बसून करतो आहे. आजवर पुष्कळांनी माझ्या पुष्कळ गोष्टींची चौकशी केली. कोणी गाव विचारलं, कोणी कूळ विचारलं, कोणी रेल्वेत असून अजून दुर्गलाच कसे म्हणून खवचटपणे विचारलं. पण नव्या घरात येऊन जेमतेम चार दिवस झालेले, खोकी अजून दोरीसकट हॉलमध्ये पडलेली, आणि सकाळी साडेसातला दारात एक उंच, वाळका, पांढरी बंडी घातलेला म्हातारा उभा, हातात चौकड्यांची वही, कानावर पेन्सिल, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न: "भाऊ, तुमी डोकं कोण्या बाजूले करून झोपता?" हे माझ्या आयुष्यात एकदाच घडलं. मला वाटलं, वास्तुशास्त्रवाले असतील. मी घाईघाईने दक्षिणेला म्हणून टाकलं. ते बिनधास्त आत आले, झोपायच्या खोलीत गेले, भिंतीपासून पलंगापर्यंत पावलं मोजली आणि विचारलं, "आन सूनबाई? भिंतीकडून का दाराकडून?" सूनबाई, म्हणजे माझी बायको, हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिलं असतं तर तो तिथून पळून गेला असता. काकाजींनी पाहिलंच नाही. त्यांनी वहीत दोन चौकोन काढले, एकात 'भाऊ' लिहिलं, दुसऱ्यात 'सूनबाई', आणि म्हणाले, "बराबर. माह्यं लोखंडी कपाट तुमच्या छातीवर येऊन राहिलं. सरकवतो." आणि निघून गेले.

हे काकाजी म्हणजे भंडाऱ्याकडचे धान पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले आणि चौतीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. शेडच्या छताखालून रुळांवर धावणारी ती क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली छोटीशी केबिन, आणि खाली चटईएवढी दिसणारी जमीन, हा त्यांचा संसार. निवृत्त झाले तसा रुआबांध्याचा कारखान्याचा क्वार्टर सोडावा लागला. एकमजली क्वार्टर, पुढे पेरूचं झाड, मागे वांग्यांचे वाफे. मुलाने मोठ्या हौसेने स्मृति नगरच्या पुढे, जिथे आत्ताआत्तापर्यंत धान डोलत होतं तिथे उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. क्रेन चालवलेल्या माणसाला सहाव्या मजल्याचं काय, असं त्याला वाटलं असणार. कोणालाही वाटलं असतं. पण काकाजी पहिल्या दिवसापासून त्या घरात भ्यायलेले होते. "मले उंचीचं भेव नाही," ते मला एकदा म्हणाले. "उंचीवर तं मी जनम काढला. पण भाऊ, चौतीस सालात माणसाच्या डोक्यावरून मी कधी माल नेला नाही. खाली माणूस दिसला का थांबायचं, घंटा वाजवायची, तो सरकला का मंग पुढं. आता पाहा. मी झोपलो, माह्या खाली तुमी. तुमच्या खाली अजून कोणी. रातभर माणसाच्या डोक्यावर माल लटकून राहिला, आन कोणाले काईच वाटून नाही राहिलं." हे ऐकल्यावर मी हसलो होतो. माणूस अशा वेळी हसतोच.

तर कपाट सरकवायचं म्हणजे आधी घंटा. क्रेनमध्ये पायाखाली घंटा असे, ती दाबल्याशिवाय क्रेन हलवायची नाही हा नियम. घरात तशी सोय नव्हती, म्हणून काकाजींनी देवघरातली पितळी घंटा कामाला लावली. सोफा हलवायचा, घंटा. गॅसचं सिलेंडर ओढायचं, घंटा. सुरुवातीचे पंधरा दिवस माझी बायको, वरून घंटा ऐकू आली की हातातलं काम टाकून भक्तिभावाने हात जोडत असे. किती धार्मिक घर मिळालं शेजाराला, दिवसातून नऊ-नऊ वेळा आरती, म्हणून तिने तिच्या माहेरी फोनवर कौतुकही केलं. पुढे दिवाळीच्या साफसफाईत सकाळपासून घंटा थांबेना, तेव्हा ती प्रसादाला म्हणून वर गेली आणि काकाजींना फ्रीज ढकलताना पाहून परत आली. तिने हात जोडणं सोडलं, पण पुढे एक झालं. घंटा वाजली की आम्ही दोघंही आपसूक पलंगावरून उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहू लागलो. काही कारण नव्हतं. वर एक म्हातारा सोफा सरकवतो आहे, एवढंच. पण उभे राहायचो खरे. माझ्या सासूबाई महिनाभर राहायला आल्या आणि हॉलमध्ये झोपू लागल्या, तेव्हा काकाजी चौथ्या दिवशी तक्रार घेऊन खाली आले. "पाहुणे येणार असले तं अगोदर सांगत जा, भाऊ. चार दिवस तुमच्या सासूच्या डोक्शावर माहा टीव्ही होता." वहीत तिसरा चौकोन काढून, त्यात 'सासू' असं लिहून ते टीव्ही हलवायला गेले.

त्यांची बाकीची राहणीही याच धोरणाची. देवळात ते घंटेच्या बरोबर खाली कधी उभे राहत नसत. बाजूने हात लांबवून वाजवत. लग्नात गेले की आधी मांडवाच्या गाठी तपासत, मग वधूवरांकडे पाहत, आणि झुंबराखालच्या पंगतीत वाढलेलं पान सोडून शामियान्याच्या कडेला उभ्याने जेवत. पंख्याखाली बसत नसत, त्यामुळे भिलाईच्या मे महिन्यात ते ज्या घरी जात तिथून घामाने चिंब होऊन परत येत. लिफ्टने कधी गेले नाहीत, दोर कोणी तपासला ते सोसायटीत कोणाला सांगता आलं नाही म्हणून. महामार्गावर उड्डाणपूल झाले तेव्हा तर त्यांच्यापुढे मोठंच संकट उभं राहिलं. पुलाखालून जायचं तर डोक्यावर मोटारी, पुलावरून जायचं तर मोटारीखाली माणसं. मग जायचं कुठून? सहा महिने ते महामार्गाच्या पलीकडे गेलेच नाहीत. पलीकडे त्यांचा एक जुना जोडीदार राहत होता, तो वाट पाहून शेवटी स्वतःच आला आणि पंख्याखाली बसून काकाजींना यथेच्छ बोलला.

आता कबूल करायला हरकत नाही, ही भीती साथीसारखी लागते. मी रेल्वेच्या घरात वाढलो, आमच्या डोक्यावर कौलं आणि फार तर एखादं मांजर. मला छत म्हणजे छत, त्यावर कोणी राहतं हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. काकाजींनी ते आणून ठेवलं. ऑफिसातून येताना मी गाडी उभी करून इमारतीकडे वर पाहायला लागलो. जिकडे पाहावं तिकडे माणसं वर चढत होती. निवृत्त होऊन कारखान्याच्या सेक्टरांतून बाहेर पडलेली, गावची शेती विकून आलेली, रायपूरला नोकरी आणि इथे घर असलेली. शेतांच्या जागी खांब, खांबांवर स्लॅब, स्लॅबवर स्लॅब. चौकात मोठाल्या पाट्या, त्यावर हसणारी कुटुंबं आणि वर निळं आकाश. त्या पाट्यांवरच्या माणसांच्याही डोक्यावर काय आहे ते मी बघू लागलो. बायको म्हणाली, "तुमालेही लागलं का आता?" मी नाही म्हणालो. पण त्याच आठवड्यात आमचा पलंग मी बीमच्या खालून काढून बाजूला घेतला आणि ते काकाजींना कळवायला वर गेलो. त्यांनी वही उघडून जुना चौकोन खोडला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत नवी इमारत सुरू झाली, बारा मजल्यांची. तिथे एक उंच पिवळी क्रेन उभी राहिली, तिचा लांबलचक हात आभाळात फिरू लागला, आणि काकाजींची झोप उडाली. आमची इमारत आणि ती जागा यांच्यामधून एक पायवाट जाते. बसथांबा, भाजी, शाळा, डॉक्टर, सगळ्याचा तोच रस्ता. सळ्यांचे भारे, विटांचे पाळणे, काँक्रीटची बादली, सगळं त्या पायवाटेवरून झोके घेत जात होतं आणि खालून बाया भेंडीचा भाव करत जात होत्या. काकाजी पहिल्या दिवशी खाली गेले आणि तिथल्या इंजिनिअरला समजावून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर चौकीदाराने फाटकातच अडवलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मी. इतर कोणी तयार नव्हतं म्हणून मी. "भाऊ, एकच काम करा. माल रस्त्यावरून जाईन तेवढा वेळ रस्ता बंद ठेवायले सांगा. दोन मिनिटाची गोष्ट आहे. बाकी मी काईच मागत नाही." मी पाहतो म्हणालो. सेक्रेटरी झाल्यावर माणूस पहिलं वाक्य शिकतो ते हेच.

मी पाहीपर्यंत काकाजींनी आपला मार्ग काढला. क्रेनची केबिन त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर समोर, थोडी वर येत होती. आत झारखंडकडचा एक तरुण ऑपरेटर बसलेला असे. काकाजी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत उभे राहत आणि हाताच्या खुणा करत. बोट वर करून गोल फिरवलं की माल वर. बोट खाली करून फिरवलं की खाली. दोन्ही हात आडवे पसरून तळवे जमिनीकडे केले की जागच्या जागी थांब. ही भाषा जगभरच्या क्रेनवाल्यांना येते म्हणतात. त्या पोराने आधी दोन दिवस दुर्लक्ष केलं, तिसऱ्या दिवशी हात वर करून सलाम केला, आणि मग बघता बघता दोघांचं जमलं. पायवाटेवर कोणी दिसलं की काकाजी हात पसरत, क्रेन थांबे, माणूस पुढे जाई, काकाजी हात खाली घेत, क्रेन चाले. खाली चालणाऱ्याला काही पत्ता नसे. इकडे आमच्या सोसायटीत मात्र बोभाटा झाला की सहाव्या मजल्यावरचे म्हातारे सकाळपासून आभाळाकडे बघून हातवारे करतात. एक बाई म्हणाल्या, सूर्यनमस्कार असतील. दुसऱ्या म्हणाल्या, नाही, तिकडे सूर्य नसतोच.

आणि एक दिवस चादरी झाल्या. काकाजी पेन्शनच्या कामाला गेले होते. त्यांची सून, बिचारी गोंदियाकडची साधी मुलगी, धुतलेल्या चादरी झटकायला बाल्कनीत आली. चादर झटकायची म्हणजे दोन्ही हात आडवे पसरावे लागतात. समोर काँक्रीटची भरलेली बादली घेऊन निघालेली क्रेन कचकन थांबली. सुनेने चादर झटकली, निरखली, पुन्हा झटकली, दोरीवर टाकली आणि दुसरी घेतली. एकंदर चार चादरी आणि दोन अभ्रे होते. तेवढा वेळ बादली आभाळात आणि वरच्या स्लॅबवर सतरा माणसं फावडी धरून आ वासून. संध्याकाळी इंजिनिअर त्या ऑपरेटरला बखोटीला धरूनच माझ्या दारात आला. मी पोराला विचारलं की तू थांबलासच का. तो म्हणाला, "सर, रुकने का इशारा कोई भी दे, रुकना पड़ता है. चलाने का एक आदमी देता है, रुकने का कोई भी. अंकलजी ने बताया था." त्यावर इंजिनिअर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा मथितार्थ असा की म्हाताऱ्याला आवरा, नाहीतर प्रकरण पुढे नेतो.

सोसायटीच्या बैठकीत सगळे माझ्याकडे पाहू लागले. 'कोणत्याही सदस्याने अथवा त्यांच्या घरातील ज्येष्ठांनी बाल्कनीतून शेजारील बांधकामास उद्देशून हातवारे करू नयेत' अशी नोटीस मी स्वतः, माझ्या वळणदार अक्षरात लिहिली. रेल्वेत वीस वर्षं मेमो लिहून हात बसला आहे. ती द्यायला वर गेलो तर काकाजींनी वाचली, घडी घातली आणि चहा ठेवला. देवघराच्या बाजूला भिंतीवर एक चपटं, वाकडंतिकडं स्टीलचं झाकण खिळ्याला टांगलेलं होतं. इतकी वर्षं मी ते पाहत होतो आणि काहीतरी जुनी वस्तू म्हणून सोडून देत होतो. त्या दिवशी तोंड लपवायला दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, हे काय आहे.

"डब्याचं झाकण," काकाजी म्हणाले. "दुपारची बी शिफ्ट होती. लोखंडाच्या प्लेटांचा गठ्ठा उतरवायचा होता. त्या कोपऱ्यात कोणी कधी बसत नसे. खाली कोणीच नाही म्हणून त्या दिवशी मी घंटा नाही वाजवली. चौतीस सालात तेवढा एकच दिवस. एक ठेकेदारीचा मजूर तिकडे डबा खाऊन राहिला होता. मले दिसत नव्हता, खाली उभा राहून खूण देणाऱ्यालेही दिसत नव्हता. तो पाणी प्याले उठला, आन माल डब्यावर बसला." मी विचारलं, मग? "मंग काई नाही. तो आला, पाहून हासला. म्हणे, मेरा अचार गया. सगळेच हासले. मी उतराले लागलो तं शिडीच्या मधातच बसलो. काईच झालं नाही, भाऊ. कोणाले खरचटलंही नाही. कागदावर कुठं लागलं नाही. पण त्याले तहान लागली नसती तं?" त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "माह्या पोराले वाटते बापाले वेड लागलं. वेड नाही. मले फक्त तो पाणी प्याले उठताना दिसते." मी चहा प्यायलो. नोटीस परत मागून फाडून टाकायला पाहिजे होती. मी ती तशीच टेबलावर ठेवून खाली आलो, आणि याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मुलाने बाल्कनीच्या काचेच्या दाराला कुलूप लावलं. नोकरीवर जाताना किल्ली खिशात. मुलगा वाईट नव्हता, तोही घाबरलेलाच होता. नवं घर, नवे शेजारी, आणि आपल्या बापाची खाली हसून चर्चा होते याची भीती. वरची घंटा बंद झाली. आठ-आठ दिवस वरून काही ऐकू येईना. बायको म्हणाली, "घर कसं खायला उठते." मी म्हटलं, आपल्याला शांतता हवी होती ना. पण मला शांत वाटत नव्हतं. पायवाटेवरून जाताना मी मान खाली घालून भराभर चालत असे, आणि मनात आकडे मोजत असे. पलीकडे पोचायला चाळीस पावलं लागतात.

त्या वर्षी पावसाच्या आधीची वावटळ अशी आली की दुपारी चारलाच उजेड पिवळा पडला. मी दुर्गहून लवकर निघालो होतो. पायवाटेच्या एका टोकाला पोचलो आणि समोरून, दुसऱ्या टोकाकडून, बायको येताना दिसली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्याने पदर तोंडावर धरलेला. धुळीने मला वर बघवेना. तरी सवयीने पाहिलं. वर सळ्यांचा भारा होता, वाऱ्याने हेलकावे खात होता, आणि सावकाश रस्त्यावर येत होता. मी सहाव्या मजल्याकडे पाहिलं. का पाहिलं ते माहीत नाही. कुलूपबंद काचेमागे काकाजी उभे होते. दोन्ही हात आडवे पसरलेले, तळवे जमिनीकडे, आणि कपाळ काचेला टेकलेलं. क्रेन थांबली. त्या पोराची नजर रोजच्या सवयीने तिकडे गेलीच असणार. भारा मात्र झुलतच राहिला. आणि मी, ज्याने वळणदार अक्षरात नोटीस लिहिली होती, तो भर रस्त्यात ऑफिसची पिशवी टाकून दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिलो. बायको थांबली. आपला नवराही आता वेडा झाला, असं वाटल्याचं ती पुढे सांगत असे, पण तेव्हा ती थांबली. आम्ही दोघं दोन टोकांना, मधे रिकामा रस्ता, वर तो भारा. वारा जरा पडला तसा पोराने तो परत फिरवला आणि आतल्या जागेत उतरवला. काही पडलं नाही. एक सळीसुद्धा नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी पडणार. मी घरी यायला निघालो आणि दुसऱ्या मजल्यावरच बसून राहिलो. जिन्याने येत होतो, लिफ्ट नाही.

त्या रात्रीच मी बांधकामवाल्यांना पत्र लिहिलं. या वेळी अक्षर वळणदार आलं नाही. पंधरा दिवस मी रोज फाटकात जाऊन बसलो, ऑफिसला उशिरा गेलो, इंजिनिअरशी भांडलो, आयुष्यात प्रथमच कोणाशी तरी भांडलो, आणि शेवटी माल रस्त्यावरून जाताना दोन्ही टोकांना दोर बांधून शिट्टीवाला माणूस उभा राहू लागला. हे दाखवायला मी वर गेलो तर खोकी बांधणं चाललं होतं. मुलाने रायपूरकडे भाड्याने घर पाहिलं होतं, नोकरी जवळ पडावी म्हणून. इथल्या फ्लॅटला भाडेकरू मिळाले होते. काकाजी आदल्या दिवशीच कुम्हारीला मुलीकडे गेले होते. मी विचारलं, कधी परत येणार. मुलगा म्हणाला, "त्यायलाच नाही यायचं. म्हणते, खाली कोणी नाही अशी जागा पायजे." नंतर सामान उतरताना वरून धडाधड आवाज झाले. घंटा वाजली नाही. ती काकाजींसोबत गेली होती.

मागच्या महिन्यात कुम्हारीला गेलो. मुलीचं घर जमिनीवरच आहे, पत्र्याचं, पुढे अंगण. काकाजींनी बाज अंगणाच्या अगदी मधोमध टाकली होती. वर काही नाही, खाली माती. अंगाने उतरले होते, पण चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेला निवांतपणा होता. मी रस्त्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोनी बाजूनं बांधते दोर?" दोन्ही बाजूंनी, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माह्या जागी आले त्यायनं विचारलं का तुमाले? झोपाचं?" मी हो म्हणालो. "आन कपाट कुठं ठेवलं?" तुम्ही ठेवलं होतं तिथेच, मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले आणि बाजेवर आडवे झाले. दोराचं उत्तर खरं होतं, बाकीची दोन्ही खोटी होती. आमच्या वर कोण राहतं, किती जण राहतात, त्यांचं कपाट लोखंडाचं की लाकडाचं, मला काही ठाऊक नाही. सोसायटीच्या रजिस्टरात नाव आहे, माझ्याच अक्षरात. संध्याकाळी कधीतरी वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज येतो. आम्ही दोघं उठून चौकटीत उभे राहतो आणि तो थांबायची वाट पाहतो. काकाजी वर होते तोवर माझ्या डोक्यावर काय आहे हे मला इंचाइंचाने माहीत होतं. एवढ्या वाढलेल्या शहरात इतकी खात्री मला दुसऱ्या कोणी दिली नाही. मी भ्यायलेलो होतो तेव्हाच सुखात होतो, हे आता कळतं.

रविवारी सकाळी बायको म्हणाली, हे आपलं लोखंडी कपाट खिडकीकडे घेऊ, ओल येते. मी कपाटाला हात लावला आणि थांबलो. पाच वर्षं झाली आम्हाला या घरात. पाच वर्षं कोणीतरी आमच्या या कपाटाखाली झोपतं आहे. मी टेबलाच्या खणातून एक जुनी चौकड्यांची वही काढली, पेन्सिल कानावर ठेवली आणि एक मजला उतरलो. चौथ्या मजल्यावर आंध्राकडचे एक निवृत्त मास्तर राहतात. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नाही. त्यांनी दार उघडलं, अंगात बंडी, हातात दाढीचा ब्रश. मी नमस्कारही विसरलो. "मास्टरजी, आप सिर किधर करके सोते हैं?" त्यांनी माझ्याकडे अगदी तसंच पाहिलं, जसं मी पाच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आतून त्यांच्या बायकोने तेलुगूत काहीतरी विचारलं. मास्तर दारातून बाजूला झाले. मी चपला काढल्या आणि भिंतीपासून पावलं मोजायला लागलो.